मुंबईत गाळा घेताय? आधी वस्ती बघा, मग गल्ला

लालबाग, परळ, दादर, गिरगावात चालू धंदा विकत घेण्याआधी गावाकडच्या माणसाने काय तपासायला हवं?

सातारा : मुंबईहून फोन येतो. फोन करणारा बहुतेक घरचाच असतो. चुलतभाऊ, मेव्हणा, नाहीतर गाववाला. "लालबागला चालू खानावळ निघालीय. मालक थकलाय, पोरं नोकरीला लागली. पगडीचा गाळा आहे. लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे." इकडे घरात बैठक बसते. माथाडीतून निवृत्त झालेल्या वडिलांच्या फंडाचे पैसे, थोडं सोनं, सोसायटीचं कर्ज असं सगळं मोजलं जातं. तरी भागत नाही, मग गोष्ट रस्त्याकडेच्या अर्ध्या एकरावर येते.

पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांत मुंबईशी नातं नसलेलं घर शोधावं लागेल. कुणाचे आजोबा गिरणीत होते, कुणाचे वडील माथाडीत, कुणाची आत्या खानावळ चालवायची. त्यामुळे लालबाग-परळ म्हटलं की आपलंच गाव वाटतं, आणि फसगत नेमकी तिथेच होते. आठवणीतलं गिरणगाव वेगळं आणि आज दुकानासमोरून जाणारी माणसं वेगळी.

गावाकडे जमीन घेताना माणूस किती चौकशी करतो! सातबारा काढतो, फेरफार बघतो, वाट कुठून आहे ते विचारतो. विहिरीचं पाणी पावसाळ्यात कुणी बघत नाही, मे महिन्यात बघतात. बांधाला बांध लागून कोण आहे याची माहिती काढतात. तोच माणूस मुंबईत एका दुपारची गर्दी बघतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. म्हैस पाण्यात असताना तिचं मोल करू नये म्हणतात, पण इथे नेमकं तेच होतं.

गिरणगावच्या खानावळींचं काय झालं?

हा धडा मुंबईने एकदा दिलेला आहे. साठच्या आसपास कापडगिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार, असा तो पसारा होता. बायकामुलं गावाला ठेवून आलेले गडी एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि जेवायला खानावळीत जायचे. या खानावळी बऱ्याचदा गावाकडच्याच बायका चालवत. महिन्याचा हिशेब, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा, पगाराला पैसे. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळ हा तेव्हा इतका भक्कम धंदा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, तशी खानावळीची उधारी वाढत गेली. हजारो कामगार गावाला परतले. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. खानावळवालीच्या हाताची चव बिघडली नव्हती, दरही वाढले नव्हते. जेवणारा माणूसच वस्तीतून निघून गेला होता.

पुढे त्याच जागांवर मॉल आणि कचेऱ्या आल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि हॉटेलं आली. म्हणजे माणसं परत आली, पण दुसरी. ती सकाळी येतात, संध्याकाळी जातात, आणि शनिवार-रविवारी त्यातली बरीच फिरकत नाहीत. महिन्याच्या खात्यावर दोन वेळ जेवणारं गिऱ्हाईक त्यांच्यात कमीच.

म्हणून मुंबईत धंदा घेताना पहिला प्रश्न "रोजचा गल्ला किती?" हा नसावा. हे गिऱ्हाईक कोण आहे, कुठून येतं आणि पाच वर्षांनी ते इथे असेल का, हे आधी विचारावं.

चार वस्त्या, चार तऱ्हेचं गिऱ्हाईक

नकाशात या चारही जागा जवळजवळ दिसतात. धंद्याच्या हिशेबाने मात्र चारही वेगळ्या.

लालबाग. इथली ओळख मसाल्याची आणि चिवड्याची. मिरची, गरम मसाला घेऊन तिथेच कुटून न्यायला लांबलांबून बायका येतात. पण ही गर्दी मुख्यतः उन्हाळ्याची, पावसाळ्याच्या आधीच्या वर्षभराच्या बेगमीची. एप्रिल-मेमध्ये कांडपाच्या दुकानापुढे रांग बघून कुणी वर्षाचा हिशेब मांडला तर तो चुकणारच. गणपतीच्या दिवसांतही तेच. दहा-अकरा दिवस लालबाग माणसांनी फुलून जातो. वडापाव, पाणी, चहा विकणाऱ्याचे दिवस सोन्याचे. पण रोजच्या गिऱ्हाइकाला त्याच गर्दीतून दुकानापर्यंत पोचता येत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लालबागचा राजा १९३४ मध्ये बसला तो बाजारासाठी केलेल्या नवसातून. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तेव्हा कोळी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला होता असं सांगतात. मुंबईत धंद्यापेक्षा धंद्याची जागा अवघड, हे तेव्हापासूनचं आहे.

परळ. केईएम, टाटा मेमोरियल, वाडिया अशी मोठी रुग्णालयं इथे जवळजवळ आहेत. देशभरातून पेशंट येतात, सोबत नातेवाईक येतात. त्यांना स्वस्त जेवण, चहा, औषधं, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, रात्रीचा आसरा लागतो. हे गिऱ्हाईक बारा महिने असतं, पण रोज नवं. ओळखीवर चालणारा धंदा इथे उभा राहत नाही आणि उधारी तर द्यायचीच नाही. शिवाय ओपीडीच्या वाराला आणि रविवारी किती फरक पडतो ते बघावं. रुग्णालयाच्या कोणत्या गेटासमोर दुकान आहे यावरही सगळं अवलंबून असतं. गेट बदललं की रस्ता ओस पडतो.

दादर. स्टेशनावर पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळतात, त्यामुळे माणसांचा पूर असतो. पश्चिमेला फुलबाजार पहाटे भरतो, भाजीचा बाजारही सकाळचा. कपडे आणि लग्नाच्या खरेदीची गर्दी दुपारनंतरची. आपल्या भागातली फुलं याच बाजारात जातात, त्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांना दादर ओळखीचं. पण दादरची गर्दी चालणाऱ्यांची आहे, थांबणाऱ्यांची नाही. लोकल पकडायला धावणारा माणूस दुकानासमोरून दिवसाला हजार वेळा गेला तरी गल्ल्यात रुपया पडत नाही. म्हणून इथे जाणारी माणसं मोजून उपयोग नाही, हातात पिशवी घेऊन बाहेर पडणारी मोजायची.

गिरगाव. जुन्या चाळी, वाड्या, मराठी घरं, पूजेचं साहित्य, फराळ, पुस्तकं अशी इथली बाजारपेठ. पण गिरगावातली किती कुटुंबं बोरिवली, डोंबिवली, विरारला गेली हे तिथला कुठलाही जुना दुकानदार सांगेल. सणाला ती खरेदीला परत येतात, रोजच्या दुधा-भाजीला येत नाहीत. त्यामुळे गिरगावात सणाचा धंदा आणि रोजचा धंदा वेगवेगळा मोजावा लागतो.

एक दिवस बघून वस्ती कळत नाही

धंदा विकणारा माणूस गिऱ्हाइकाला बोलावतो तो चांगल्या वेळी. म्हणून न सांगता जायचं. एकदा सकाळी सात वाजता, एकदा दुपारी एक वाजता, एकदा रात्री नऊला. एक कामाचा दिवस, एक रविवार, एक महिनाअखेर. समोरच्या टपरीवर चहा घेत तासभर बसायचं आणि दुकानात किती माणसं शिरली, किती काही घेऊन बाहेर पडली ते मोजायचं. वहीत लिहायचं. असे आठ-दहा तास भरले की विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यात किती दम आहे ते कळतं.

पावसाळ्यात एक फेरी मारायलाच हवी. दादर पूर्व आणि परळच्या मधला हिंदमाता परिसर पाणी तुंबण्यासाठी मुंबईभर माहीत आहे. पालिकेने जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्या तरी दुकानदार पावसाळ्यात माल उंच फळीवरच ठेवतो. गाळ्याच्या भिंतीवर ओलीची रेघ कुठपर्यंत आहे ते बघा. रंग नुकताच मारलेला असेल तर शेजारच्या दुकानातली भिंत बघा.

शेजाऱ्यांना विचारताना "दुकान कसं चालतं?" असं विचारू नये, कुणी सरळ सांगत नाही. "या गल्लीत गेल्या दोन वर्षांत किती दुकानं बदलली?" असं विचारावं. एकाच गाळ्यात आधी इस्त्री, मग मोबाइल, मग चायनीज, मग पोळीभाजी झालं असेल, तर दोष आधीच्या चारही जणांचा नसतो.

इमारत किती दिवसांची?

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या बहुतेक जुन्या चाळी उपकरप्राप्त आहेत. म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या, ज्यांच्या भाडेकरूंकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो आणि ज्यांची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे येते. त्यातल्या 'अ' वर्गातल्या इमारती १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांच्या वरच्या. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. महापालिकाही इमारतींची वर्गवारी करते. 'सी-१' म्हणजे खाली करण्याच्या लायकीची. गाळा ज्या इमारतीत आहे तिचं नाव या याद्यांत आहे का, हे फुकटात तपासता येतं. तरी ते न तपासता पैसे देणारे आहेतच.

दुसरी बाब पुनर्विकासाची. एजंट सांगतो, "टॉवर होणार आहे, नवा गाळा मिळेल, सोन्याचा भाव येईल." यात थोडं खरं आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात दुकानदाराला त्याच्या जुन्या जागेइतकी जागा मिळण्याची तरतूद आहे. पण तीन गोष्टी तो सांगत नाही.

पहिली : इमारत पाडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत धंदा कुठे करायचा? बिल्डर भाडं देतो म्हणाला तरी ते जागेचं भाडं असतं, बुडालेल्या गल्ल्याचं नाही. काम रखडलं तर काय, याचं उत्तर मुंबईतल्या कित्येक अर्धवट इमारतींकडे बघून मिळतं.

दुसरी : १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरू जागा या हिशेबात धरत नाहीत. एका जुन्या गाळ्याचे नंतर दोन केले असतील, जिन्याखालची जागा मागाहून बंद करून दुकान काढलं असेल, तर टॉवरमध्ये त्याला जागा मिळेलच असं नाही. म्हणून जुन्यात जुनी भाडेपावती आणि जागेचं माप मागायचं.

तिसरी, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी : आपली इमारत राहील, पण समोरची जाईल. मग गिऱ्हाईक जाईल. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. राहणाऱ्यांसाठी ही आनंदाचीच गोष्ट. पण मधल्या वर्षांत चाळी रिकाम्या होतात तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काय करायचं?

टॉवर झाल्यावरही चाळीतलं गिऱ्हाईक जसंच्या तसं परत येत नाही. चाळीचं दार रस्त्यावर उघडतं. आई गॅलरीतून पोराला हाक मारते, "जा रे, कोथिंबीर घेऊन ये." टॉवरला एक गेट, त्यावर वॉचमन. माल मोबाइलवर मागवला की दारात येतो. गेट मागच्या रस्त्याला निघालं तर पुढच्या दुकानाचा त्या इमारतीशी संबंधच उरत नाही.

पंधरा ताटांचा हिशेब

हे सगळं कागदावर मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

समजा, खानावळीत रोज ८० ताटं जातात, १०० रुपये ताट. रोजचा गल्ला ८,००० रुपये. महिन्यातले २६ दिवस धरले तर २,०८,००० रुपये. किराणा, भाजी, गॅस यांत निम्मे गेले, राहिले १,०४,०००. तीन कामगारांचे पगार ५०,०००, भाडं-वीज-पाणी-दुरुस्ती १५,०००. हातात उरले ३९,०००. पगडीसाठी बँकेचं १५ लाख रुपये कर्ज १२ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं असेल तर हप्ता २६,५०० च्या आसपास. म्हणजे घरात येतात साडेबारा हजार, आणि त्यात मुंबईत राहायचं आहे.

आता समोरची एक चाळ रिकामी झाली आणि रोजची फक्त १५ ताटं कमी झाली. गल्ला ६,५००, महिन्याचे १,६९,०००. निम्मा खर्च जाऊन ८४,५००. पगार आणि भाडं तेवढंच राहतं, ६५,०००. उरले १९,५००. हप्ता २६,५००. दर महिन्याला सात हजारांचा खड्डा, आणि तो भरायला गावाकडची जमीन आधीच गेलेली.

८० ताटांचं दुकान चांगलं आणि ६५ ताटांचं बुडीत. फरक पंधरा माणसांचा. म्हणून ती पंधरा माणसं कुठे राहतात, कुठे काम करतात, हे धंदा घेण्याआधी माहीत हवं.

गल्ल्याचा आकडाही तोंडी घेऊ नये. सहा महिन्यांचं वीजबिल, गॅस सिलिंडरच्या पावत्या, दुधाचा आणि किराण्याचा हिशेब, मोबाइलवरून आलेल्या पैशांचं बँकेचं स्टेटमेंट मागायचं. ८० ताटं जातात म्हणणाऱ्याकडे तांदूळ किती येतो हे वाण्याच्या बिलावरून कळतं. जेवणाऱ्या माणसाला तांदूळ किती लागतो हे गावाकडच्या बाईला कुणी शिकवायला नको. मसूल बघतानाही घरातल्या बाईला सोबत न्यावं.

पगडी म्हणजे मालकी नव्हे

गावाकडे सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. पंचवीस-तीस लाख मोजले म्हणजे गाळा आपला झाला, असं वाटतं. पगडीत गाळा आपला होत नाही. मालक मालकच राहतो, घेणारा भाडेकरू होतो. मुंबईत सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं आणि त्यावर पगडीवाल्याचं नाव येत नाही. त्याच्या हातात असते ती भाडेपावती. म्हणून पावती कुणाच्या नावावर आहे, यावर सगळं उभं असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५६ प्रमाणे भाडेकरूने आपला हक्क दुसऱ्याला देताना पैसे घेणं आणि मालकाने त्याला संमती देण्यासाठी पैसे घेणं, दोन्ही कायद्यात बसतं. मालकाचा वाटा किती, हा रिवाजाचा आणि बोलणीचा भाग. साधारण एक तृतीयांशाची भाषा चालते. हा वाटा कोण भरणार ते आधी ठरवा, नाहीतर ऐनवेळी लाखांचा फरक पडतो.

मालकाच्या लेखी संमतीशिवाय केलेला व्यवहार मात्र धोक्याचा. कलम २६ प्रमाणे करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने देता येत नाही की हक्क दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तसं झालं तर कलम १६ खाली मालक जागा परत मागू शकतो. सबळ कारण नसताना सहा महिने जागा वापरात नसेल, तरीही मागू शकतो. म्हणजे 'बरेच दिवस बंद असलेला गाळा स्वस्तात' हे ऐकल्यावर आनंद नको, चौकशी हवी. असे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात आणि वर्षानुवर्षं चालतात. विकणाऱ्याला आणि मालकाला सरळ विचारा : या गाळ्यावर दावा आहे का? उत्तर लिहून घ्या.

इमारत ट्रस्टची असेल तर संमतीपत्रावर सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. मालक मयत असेल आणि वारस पाच असतील, तर एकाची सही पुरत नाही. हे गावाकडे सगळ्यांना कळतं, मुंबईत गेल्यावर विसरतात.

फुटपाथवरची जागा 'विकत' मिळत नाही

दादर स्टेशनजवळ, परळला रुग्णालयाबाहेर "स्टॉलची जागा दोन-तीन लाखांत देतो" असं सांगणारे भेटतात. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे विक्रीचं प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही की विकता येत नाही. प्रमाणपत्रधारक मयत झाला किंवा कायमचा अपंग वा आजारी झाला, तर ते नवरा-बायको वा अवलंबून असलेल्या मुलाकडे जातं, बस. शिवाय नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि रुग्णालय, शाळा, देवळापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई ठरवली. रोज माणसं बसलेली दिसतात हे खरं. पण गाडी येते तेव्हा माल उचलला जातो, आणि तीन लाख घेणारा त्या वेळी फोन उचलत नाही.

पूल, मेट्रो आणि वळणारी वाट

ओढा वाट बदलतो तशी मुंबईतली गर्दीही बदलते. २०११ मध्ये लालबागचा उड्डाणपूल सुरू झाला आणि खाली थांबणाऱ्या गाड्या वरून जाऊ लागल्या. परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या पुलाच्या कामासाठी बंद झाला आणि त्या रस्त्याची रहदारी दुसरीकडे वळली. अशा कामाच्या काळात दुकान स्वस्तात निघतं. ते घ्यावं की नाही हे, काम किती वर्षं चालेल आणि तोवर हप्ता कशातून भरायचा, यावर ठरतं.

गिरगावात उलट झालं. भुयारी मेट्रोच्या कामासाठी कित्येक वर्षं पत्र्यांची कुंपणं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली आणि गिरगाव, काळबादेवी ही स्टेशनं त्यावर आली. दादरलाही तिचं स्टेशन आहे. पण मेट्रोचा माणूस ठरावीक दारातून बाहेर पडतो. दुकान त्या दारापासून शंभर पावलांवर असलं तर मेट्रो जवळ. चार गल्ल्या सोडून असलं तर 'मेट्रोजवळ' हे फक्त एजंटच्या तोंडी.

परवाने आपोआप मिळत नाहीत

खानावळ, वडापाव, चिवडा, पोळीभाजी यातलं काहीही असलं तरी महापालिकेचा परवाना आणि अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतो. आधीच्या मालकाच्या नावाचा कागद भिंतीवर लावून नव्या मालकाचा धंदा चालत नाही. त्या गाळ्यात त्या धंद्याला परवानगी आहे का, हे विभाग कार्यालयात विचारावं. लालबाग-परळला 'एफ दक्षिण', दादर पश्चिमेला 'जी उत्तर', गिरगावचा बराचसा भाग 'डी' विभागात येतो.

आगीचा विषय हसण्यावारी नेऊ नये. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलमधल्या हॉटेलांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. पोटमाळ्यावर कामगार झोपतात, खाली सिलिंडर, आणि जिना एकच, अशी खानावळ कितीही चालत असली तरी तशीच घेऊ नये. बेकरी घेणाऱ्याने भट्टी कशावर चालते ते बघावं. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले आहेत. नवी भट्टी बसवण्याचा खर्च घेणाऱ्याच्याच डोक्यावर येणार.

टोकन देण्याआधी

- इमारतीचं नाव म्हाडाच्या आणि महापालिकेच्या धोकादायक यादीत आहे का, ते बघा.
- जुन्या आणि चालू भाडेपावत्या, मालमत्ता पत्रक, मालकाची लेखी संमती, दाव्याबाबतचं लेखी उत्तर, हे चार कागद हातात घ्या.
- आजूबाजूच्या दोनशे पावलांत कुठली इमारत पाडायची ठरली आहे, ते चाळ कमिटीला विचारा.
- आठ-दहा तास समोर बसून गिऱ्हाईक मोजा. पावसाळ्यात एकदा जा.
- वीज, गॅस, किराणा आणि बँकेच्या कागदांवरून गल्ला ताडून बघा.
- एजंटने सुचवलेला वकील नको, आपला वकील करा. करार नोंदणीकृतच करा.
- गल्ला पाचव्या हिश्श्याने कमी झाला तरी हप्ता भरता येईल का, ते घरात बसून मांडा. येत नसेल तर व्यवहार मोठा आहे.
- नव्या टॉवरमधला गाळा असेल तर महारेरावर प्रकल्पाची नोंद तपासा.

एक मधला रस्ताही आहे. शक्य असेल तिथे आधी वर्षभरासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने गाळा घ्यावा. तोही मालकाकडून, किंवा त्याच्या लेखी परवानगीने. वर्षाच्या भाड्यात उन्हाळा, पावसाळा, गणपती, दिवाळी असे सगळे हंगाम बघून होतात. धंदा जमला नाही तर नुकसान वर्षाच्या भाड्याचं होतं, अर्ध्या एकराचं नाही.

"दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे," असं फोनवर सांगितलं जातं. असेलही. त्याला पुढे जाऊ द्यावं. मुंबईत गाळे रोज निघतात. रस्त्याकडेचं अर्धं एकर एकदा गेलं की पुन्हा निघत नाही.